बातमी कळल्यावर सेनापतीने काय केले?

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनामच्या क्वांग न्गाई प्रांतात अमेरिकी लष्कराने सोन मी गावावर कारवाई केली. तिचा अहवाल वर गेला तेव्हा त्यात दोन आकडे होते : शत्रूचे १२८ जण ठार आणि ३ शस्त्रे हस्तगत. ज्याने लढाई पाहिली आहे असा कोणताही अधिकारी हे आकडे वाचून थबकायला हवा होता. सव्वाशेहून अधिक शत्रू मारले गेले, तर त्यांच्या बंदुका गेल्या कुठे? पण अहवाल पुढे सरकत राहिला आणि व्हिएतनाममधले सर्वोच्च सेनाधिकारी जनरल वेस्टमोरलंड यांच्याकडून अभिनंदनाचा संदेशही आला. प्रत्यक्षात त्या गावातल्या माय लाय या वस्तीत चार्ली कंपनीने सकाळच्या चार तासांत म्हातारी माणसे, बायका आणि मुले मारली होती. कित्येकांना पाण्याच्या चरात उतरवून गोळ्या घातल्या गेल्या. व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे मृतांची संख्या ५०४, अमेरिकी लष्कराच्या मोजणीप्रमाणे ३४७.

युद्धात सामान्य नागरिकांची कत्तल झाली की आपण आधी विचारतो, हुकूम कोणी दिला? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तेवढ्यावर थांबले तर सेनापती बहुधा सुटतो, कारण असे हुकूम कागदावर क्वचितच उतरतात. युद्धकायद्याने म्हणून दुसरा प्रश्न तयार केला आहे. हाताखालच्या माणसांवर ज्याचा खरा ताबा होता, त्याला गुन्ह्याची माहिती होती का किंवा असायला हवी होती का, आणि असेल तर त्याने गुन्हा रोखायला किंवा गुन्हेगाराला शिक्षा करायला काय केले? इथे सेनापतीवर दुसऱ्याच्या पापाचे खापर फोडले जात नाही. त्याला हुकमत मिळाली ती एका कर्तव्यासकट, आणि ते त्याने पाळले की नाही एवढेच तपासले जाते. माझ्या मते हे कर्तव्य सर्वांत स्वच्छ मोजता येते ते बातमी कानावर आल्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत. कत्तलीच्या क्षणी गोंधळ असतो, भीती असते, संपर्क तुटलेला असतो. नंतर टेबल असते, फोन असतो, कागद असतो आणि अधिकार शाबूत असतो.

माय लायच्या बाबतीत बातमी त्याच दिवशी वर पोहोचली होती. हेलिकॉप्टरचा वैमानिक ह्यू थॉम्प्सन याने वरून चराकडे पाहिले, खाली उतरला, लपलेले गावकरी आणि त्यांच्याकडे निघालेले अमेरिकी सैनिक यांच्यामध्ये आपले हेलिकॉप्टर उभे केले आणि आपले सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर गोळ्या झाडा, असे साथीदारांना बजावले. तळावर परतताच त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. दुपारी ब्रिगेडप्रमुख कर्नल हेंडरसन यांनी कंपनीला परत गावात पाठवून किती नागरिक मेले ते मोजायला सांगितले. कंपनीचा कॅप्टन मेदिना याने आढेवेढे घेतले. हे संभाषण रेडिओवर डिव्हिजनप्रमुख मेजर जनरल सॅम्युएल कोस्टर यांच्या कानी पडले, त्यांनी मेदिनाला आकडा विचारला, वीस ते अठ्ठावीस असे उत्तर मिळाले आणि परत जाण्याचा हुकूम त्यांनीच रद्द केला. चालत जाऊन मृतदेह मोजायचे एवढेच काम होते. ते डिव्हिजनच्या प्रमुखाने होऊ दिले नाही. पुढे चौकशी सोपवली गेली ती हेंडरसन यांच्याकडे, जे त्या सकाळी स्वतः त्या भागावरून हेलिकॉप्टरने फिरत होते. एप्रिलमधल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की वीस नागरिक कारवाईआधीच्या माऱ्यात आणि दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून अनवधानाने मेले.

हे प्रकरण तिथेच गाडले गेले असते. मार्च १९६९ मध्ये रॉन रायडनअवर या माजी सैनिकाने इतर सैनिकांकडून ऐकलेले सगळे पत्रात लिहून ते काँग्रेसच्या सदस्यांना आणि बड्या अधिकाऱ्यांना पाठवले, म्हणून ते उकरले गेले. लेफ्टनंट जनरल पीअर्स यांच्या चौकशीने दडपादडपी कशी झाली ते पायरीपायरीने मांडले. चौदा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले, बहुतेकांवरचे मागे घेतले गेले, हेंडरसन यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. कोस्टर यांच्यावर खटला झालाच नाही. त्यांचा हुद्दा एका पायरीने खाली आणला आणि एक पदक काढून घेतले. हत्येबद्दल दोषी ठरला तो फक्त चार्ली कंपनीतला लेफ्टनंट कॅली. त्याला जन्मठेप झाली, पण बराचसा काळ स्वतःच्या निवासातच नजरकैदेत काढून १९७४ मध्ये तो मोकळा झाला.

मेदिनाचा खटला या विषयाच्या गाभ्याशी आहे. अमेरिकी लष्कराच्या १९५६ च्या नियमपुस्तिकेत स्पष्ट होते की सेनाधिकाऱ्याला माहिती असेल, किंवा आलेल्या अहवालांवरून वा इतर मार्गांनी ती असायला हवी असेल, तरी तो जबाबदार. पण न्यायाधीशाने पंचांना सांगितले ते असे की मेदिनाला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध झाले पाहिजे. ‘असायला हवी होती’ हा अर्धा भाग गळाला. कंपनीबरोबर जमिनीवर असलेला कॅप्टन सप्टेंबर १९७१ मध्ये सुटला. याच लष्कराने पंचवीस वर्षांपूर्वी जपानी जनरल तोमोयुकी यामाशिता यांना कोणत्या मापाने मोजले होते? ते ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्समध्ये आले आणि थोड्याच दिवसांत अमेरिकी सैन्य लेतेवर उतरले. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलात सुमारे एक लाख नागरिक मेले, त्यात कत्तलींत मारले गेलेले असंख्य होते. तेव्हा यामाशिता डोंगरात बागिओच्या बाजूला होते आणि शहर लढवत होते ते नौदलाचे रिअर अॅडमिरल इवाबुची. लष्करी आयोगाने यामाशितांना फाशी सुनावली. फेब्रुवारी १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला, पण न्यायमूर्ती मर्फी आणि रटलेज यांनी कडक भिन्नमत नोंदवले. मर्फी यांचा मुद्दा असा की ज्या सैन्याचा संपर्क आपणच तोडला, त्याच्यावर ताबा ठेवला नाही म्हणून सेनापतीला दोष देणे न्यायाचे नाही. मला तो मुद्दा पटतो. शत्रूच्या सेनापतीला माहितीचा पुरावा नसताना फास आणि आपल्या कॅप्टनला प्रत्यक्ष माहितीच्या पुराव्याअभावी सुटका, ही एकाच कायद्याची दोन मापे होती.

यावरून काहीजण म्हणतील, हा सगळा जेत्यांचा न्याय आहे, बाजूला ठेवा. भारतीय वाचकाला इथे राधाबिनोद पाल आठवतील. जपानी नेत्यांवरच्या टोकियो खटल्यात न्यायाधीश म्हणून त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, त्यांचे स्मारक आज जपानमध्ये आहे. पण त्यांचे भिन्नमत उद्धृत करणारे अनेकजण एक गोष्ट गाळतात : जपानी सैन्याचे नानकिंगमधले अत्याचार झाले हे पाल यांनी मान्य केले होते. वाद होता तो वरच्या नेत्यांपर्यंत जबाबदारी पुराव्याने पोहोचते का याचा. जेत्यांचा दुटप्पीपणा खरा आहे आणि तो संतापजनकही आहे. त्यावर उपाय मात्र मोजमाप फेकून देणे हा नाही, ते जेत्याच्या कोस्टरलाही लावणे हा आहे.

दुसरा आक्षेप लष्करातून येतो : हजारो सैनिकांच्या प्रत्येक कृत्यासाठी सेनापतीला कोर्टात उभे केले तर लढणार कोण? हा आक्षेप हलका नाही, पण तो आजच्या कायद्याला लागू पडत नाही. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये चेलेबिची छावणीच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हा हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष ताबा महत्त्वाचा मानला आणि सेनापतीपाशी सावध करणारी माहिती होती का, हे पाहिले. सर्वज्ञ असण्याची अपेक्षा कोणी करत नाही. हाती आलेला कागद वाचण्याची, तक्रार करणाऱ्या वैमानिकाला नीट ऐकून घेण्याची अपेक्षा आहे. आणि शिस्त मोडणाऱ्याला जाब विचारणारे सैन्य कमकुवत होते, हे मला कुठल्याही इतिहासात दिसत नाही.

अवघड जागा वेगळीच आहे. काँगोचे नेते ज्याँ-पिएर बेंबा यांना त्यांच्या सैनिकांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेल्या हत्या आणि बलात्कारांबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अठरा वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी ते सुटले. दूर बसलेल्या सेनापतीला परक्या देशात चौकशी करण्यात येणाऱ्या अडचणी आणि त्याने केलेल्या उपाययोजना खालच्या न्यायालयाने पुरेशा विचारात घेतल्या नाहीत, असे बहुमत म्हणाले. अडचणींचा विचार व्हायलाच हवा. पण उपाययोजना म्हणून नेमलेली चौकशी खरी होती की दाखवण्यापुरती, हे न तपासता तिला गुण देत गेलो तर हेंडरसन यांचा एप्रिलचा अहवालही कर्तव्यपालन ठरेल. भारत आणि अमेरिका दोघेही या न्यायालयाचे सदस्य नाहीत, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न पुन्हा आपल्याच लष्करी आणि नागरी न्यायालयांपाशी येतो. तिथे पहिली अट साधी असावी : ज्या अधिकाऱ्याच्या हुकमतीत कारवाई झाली, त्याच्याकडे किंवा त्याच्या हाताखालच्या कोणाकडेही तिची चौकशी जाऊ नये, आणि चौकशी अडवणे हा खातेनिहाय शिक्षेवर निभावणारा प्रमाद न मानता फौजदारी गुन्हा मानावा.