मे महिन्यातली दुपार आणि चार अब्ज ठोके

कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या जनावरांच्या दवाखान्यात अरुंद गळ्याची एक ॲल्युमिनियमची बरणी असते. बूच उचललं की पांढरी वाफ गळ्यावरून खाली सांडते. आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन, आणि त्यात बुडालेल्या लाल कंधारी, देवणी वळूंच्या रेतमात्रा. आमच्या परभणी जिल्ह्यात ही बरणी मोटारसायकलवरून गावोगाव फिरते. २०१४ साली एएमडी कंपनीच्या एफएक्स-८३७० या प्रोसेसरवर हाच द्रव ओतून तो ८.७२ गिगाहर्ट्झवर पळवला गेला. कंपनीने ठरवलेला त्याचा मूळ वेग होता ४. दुकानात मिळणाऱ्या चिपमधून दुपटीहून जास्त वेग काढायचा, आणि त्यासाठी लागणारा पदार्थ गंगाखेडच्या वाटेवर दुचाकीला बांधलेला दिसावा! पुढे २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडताना नायट्रोजनही पुरला नाही, द्रवरूप हेलियम आणावा लागला.

थंडीचा आणि वेगाचा इतका सख्खा संबंध का? हे समजलं की कमी पैशात चांगला संगणक कसा जुळवावा, तेही निम्मं समजतं.

मदरबोर्डवर क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीच्याच जातीचा, एक इवलासा स्फटिक असतो. वीज लागली की तो ठरलेल्या लयीत थरथरतो. त्यावरून १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका तयार होतो आणि प्रोसेसर त्याला गुणकाने गुणतो. गुणक ४० असेल तर ४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो, आपल्या मधल्या बोटाएवढं अंतर! तेवढ्या वेळात चिपमधल्या ट्रान्झिस्टरांच्या साखळीने बेरीज उरकून उत्तर पुढच्या दारात नेऊन ठेवायचं असतं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे हा ठोका जलद करणं. भजनात पखवाजवाल्याने लय चढवली की सगळ्यांना तिच्याबरोबर यावं लागतं, आणि ज्याचा श्वास आधी संपतो तिथे भजन मोडतं. चिपमध्येही तसंच. सगळ्यांत मंद वाटेवरचा संकेत वेळेत पोचला नाही की गणित चुकतं, पडदा निळा पडतो किंवा मशीन जागीच गोठते. व्होल्टेज थोडं वाढवलं तर ट्रान्झिस्टर चपळ होतात. थंडीने तारांचा विद्युतरोध घटतो आणि ट्रान्झिस्टरांतून गळून वाया जाणारी वीजही कमी होते.

पण कंपनीने जास्तीचा वेग आत शिल्लक ठेवलाच कशाला? याचं उत्तर मला मानवतच्या कापूस बाजारात दिसतं. व्यापारी बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढतो, धाग्याची लांबी बघतो आणि प्रत ठरवतो. एकाच शेतातला, एकाच वेचणीचा कापूस, तरी प्रत सारखी नसते. प्रोसेसरही जेवणाच्या ताटाएवढ्या, ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर एकत्रच तयार होतात. मग प्रत्येकाची चाचणी होते, प्रतवारी लागते आणि त्याप्रमाणे वेगाचा शिक्का बसतो. हा शिक्का वाईटातल्या वाईट परिस्थितीतही पाळायचं वचन असतो, म्हणून तो हात राखूनच मारलेला असतो. शिवाय स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपवरही खालच्या प्रतीचा शिक्का बसतो.

१९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ने हे गुपित जगजाहीर केलं. ६६ मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले साडेचार, म्हणून ती ३०० ची चिप. लोकांनी तो ठोका १०० केला, आणि स्वस्तातली चिप ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागली. त्या वेळी इंटेलची सर्वांत महागातली पेंटियम टू त्याच वेगाने चालत होती! दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉनवर लोकांनी साधी शिसपेन्सिल वापरली. चिपच्या पाठीवर गुणकाला कुलूप घालणारे तुटक ठिपके होते. पेन्सिलीच्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून ते ठिपके पेन्सिलीने जोडले की कुलूप उघडायचं. शाळेच्या दप्तरातल्या वस्तूने कारखान्याचा निर्णय फिरवला, याचं नवल मला आजही वाटतं.

वेगाच्या या वाटेवर एक मोठा अडसर आहे: उष्णता. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवलं, तर उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते. याच अडसराला धडकून इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर बाजारात आणायचा बेत सोडला, आणि एका चिपमध्ये अनेक कोअर बसवायचा काळ सुरू झाला. अनेकांकडून मिळून काम करून घ्यायची ही वाट पुण्याला आधीच माहीत होती. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचं नेतृत्व करत होते. त्यांनी बाजारात विकत मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर जोडून १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. माझ्या मते कमी पैशात जास्त काम काढण्याचा मराठी मुलखातला तो सर्वांत मोठा धडा आहे.

आता परभणीत येऊ. प्रोसेसरवरचा पंखा हवा गार करत नाही, तो उष्णता फक्त बाहेर ढकलतो. चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. समजा हा फरक ४७ अंशांचा आहे. डिसेंबरात खोली १८ अंशांवर असेल तर चिप ६५ वर राहील. मे महिन्यात खोली ४२ वर गेली की तीच चिप ८९ वर पोचेल. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरची मर्यादा आहे ९५ अंश. तिथे गेला की तो स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे हिवाळ्याच्या पहाटे मिळवलेला जास्तीचा वेग उन्हाळ्याच्या दुपारी चिप आपणहून परत घेते. वाळ्याच्या कूलरने खोली गार ठेवता येते, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. तुषारांबरोबर बोअरचे क्षार उडतात, ते बोर्डावर बसतात.

म्हणून आमच्या हवामानात मी उलटी वाट धरायला सांगेन. व्होल्टेज चढवण्याऐवजी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन थोडं उतरवून बघा. ५ टक्के उतरलं तर उष्णता जवळजवळ १० टक्क्यांनी घटते. चांगल्या प्रतीची चिप तेवढ्यावरही न चुकता चालते, आणि थंड राहिल्यामुळे वरचा वेग जास्त वेळ टिकवते. प्रतवारीत दडलेली शिल्लक अशीही वसूल होते.

तितकीच मोठी शिल्लक रॅममध्ये पडून असते, आणि पुष्कळांच्या ती लक्षातच येत नाही. ३२०० ची डीडीआर४ रॅम एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती देते, दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर ५१.२. ५६००जी मध्ये ग्राफिक्स चिपच्या पोटातच आहे आणि ते याच रॅमवर जगतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० चे पैसे मोजूनही रॅम कमी वेगानेच चालत राहते.

खरेदीच्या बाबतीत परभणीचं नशीब चांगलं आहे. देवगिरी एक्स्प्रेसने एका बाजूला मुंबई, तिथला लॅमिंग्टन रोड. दुसऱ्या बाजूला सिकंदराबाद, तिथलं सीटीसी मार्केट. रायझन घेऊन वेगाशी खेळायचं असेल तर ए५२० चा मदरबोर्ड घेऊ नका, त्यावर प्रोसेसरचा गुणक बदलता येत नाही. बी४५० किंवा बी५५० घ्या. इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी के हे अक्षर आहे का बघा. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू नका, कारण लोडशेडिंगनंतर वीज परत येते तेव्हा पहिला धक्का तोच सोसतो. घराचं अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तेव्हा वेग एका दमात चढवू नका. एक पायरी चढा, तासभर जड काम देऊन तापमान बघा, मगच पुढची.

आणि डिसेंबरात जुळवलेल्या मशीनची चाचणी मे महिन्यात दुपारी तीन वाजता पुन्हा घ्या. त्या तासाला जो वेग टिकेल, तोच बायोसमध्ये कायम ठेवा.