समाधान शिकलेली माणसं

१९१७ साली साताऱ्यात एका कवीने आपल्या पगारावर पाणी सोडलं. वय पंचावन्न, संसार मागे होताच, साठवलेलं धन असं काही नव्हतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणू लागले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्तावर जीव असलेले असे सगळे तिथे एका पंगतीचे.

काळ कोणता, तेही बघा. पहिलं महायुद्ध चाललेलं, धान्य महागलेलं. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, दख्खनेत पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या साथीत देशभर एक कोटीहून जास्त माणसं गेली. शहाणा माणूस अशा वेळी हातची नोकरी घट्ट धरून ठेवतो. टिळकांनी ती सोडली, आणि मोकळं झाल्यासारखी सोडली. हे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थक्क होते. हे बळ येतं कुठून?

त्याचा एक धागा पार रोमन साम्राज्यापर्यंत जातो. पौल नावाचा एक कैदी फिलिप्पै गावच्या मित्रांना पत्र लिहितो. आज बायबलमध्ये 'फिलिप्पैकरांस' म्हणून आहे, ते हेच पत्र. मित्रांनी एका माणसाकरवी काही मदत पाठवलेली असते, तिची पोच द्यायची असते. पोच देता देता पौल एक विलक्षण गोष्ट सांगून जातो: पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्ही परिस्थितींत समाधानी कसं राहायचं ते मी शिकलो आहे. बेड्यांत असलेला माणूस हे लिहितो. समाधान आपल्याला स्वभावातच मिळालं, असा त्याचा दावा नाही. प्रार्थनादेखील तो मित्रांसाठी करतोच, त्यांची ख्यालीखुशाली विचारतोच, त्यांच्यातली भांडणं मिटावीत म्हणून कळवळतोच. समाधानी माणूस म्हणजे कशाचंच काही न वाटणारा माणूस, ही आपली समजूत तिथेच मोडते.

मिरजेत तंबोरे घडतात. कितीही उत्तम तंबोरा असला तरी प्रत्येक बैठकीआधी तो जुळवावाच लागतो, हवा बदलली की तारा उतरतातच. पौलाच्या पत्रातलं समाधान मला त्या जातीचं वाटतं. रोज जुळवायचं, आणि जुळवताना कान दुसऱ्या कुठल्या तरी स्थिर सुराकडे लावायचा. ख्रिस्ती माणसाच्या लेखी तो सूर म्हणजे ख्रिस्त. आपली परिस्थिती चढली-उतरली तरी तो हलत नाही, ही त्याची खात्री.

टिळकांनी ही जुळवणी मराठी रीतीने केली. भजन, कीर्तन, अभंग हीच त्यांची साधनं होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांची शेकडो गीतं मराठी ख्रिस्ती मंडळी आजही उपासनेत म्हणते. लग्नघरी म्हणते, मयताच्या घरीही म्हणते. दुःखात माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. तोंडपाठ ओळी त्या वेळी धावून येतात. रोजच्या भजनाची खरी किंमत तिथे कळते.

साताऱ्याहून कृष्णेच्या काठाने खाली उतरलं की सांगली, मिरज. विल्यम वानलेस नावाचा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ च्या अखेरीस भारतात आला. आधी सांगलीत छोटासा दवाखाना, मग १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय. लोक त्याला अजून मिशन हॉस्पिटल म्हणतात, आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला या डॉक्टरचंच नाव आहे. प्लेग आणि दुष्काळाची ती वर्षं. डॉक्टरांची पहिली पत्नी याच मातीत गेली. तरी ते १९२८ पर्यंत इथेच राहिले.

त्याच परिसरात कुष्ठरोग्यांसाठीही आश्रयस्थान उभं राहिलं. इथे थोडं थांबावंसं वाटतं. कुष्ठरोगावर गुणकारी औषध म्हणून डॅप्सोन आलं ते १९४० च्या दशकात, आणि अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८० च्या दशकात. म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे येणाऱ्या माणसाला बरं होण्याची आशा जवळपास नव्हतीच. गाव तुटलेलं, घर तुटलेलं. मग श्रद्धेने तिथे काय दिलं? येशू महारोग्याला हात लावतो, ही शुभवर्तमानातली गोष्ट तिथे कानांनी ऐकायला मिळे, आणि जखम धुणाऱ्या हातांनी अंगालाही कळे. रोग हटत नव्हता, वाळीत पडणं हटत होतं. दुःखातला हा दुसरा वाटा किती मोठा असतो, हे एकटं पडलेल्या माणसाला विचारावं.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माझ्या मते या सगळ्यांत अवघड शिक्षण त्यांचं झालं. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या या बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं नातलगांच्या आधाराने वेगळ्या राहिल्या. त्यांची श्रद्धा नवऱ्याच्या आग्रहाने बदलली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःला पटलं, मग त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचा संसारही काही फुलांची शेज नव्हता. टिळक तापट, उदार, हातात पैसा आला की गरजवंताला देऊन मोकळे होणारे. साताऱ्याचा संन्यास जगाला थोर वाटला, पण त्या घरात चूल पेटवणं लक्ष्मीबाईंकडे होतं. समाधानाच्या गोष्टी सांगताना ही बाजू आपण फार पटकन विसरतो.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेसेच अध्याय होऊन अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि एकेक करत ६४ अध्याय लिहून पुरं केलं. पोटासाठी मुंबईत वसतिगृह सांभाळलं, पुढे मुलासोबत कराचीला गेल्या. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झालं ते आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत. १९३६ मध्ये त्या गेल्या. उपास, विरह, मृत्यू, अपमान सगळं त्या पुस्तकात आहे, आणि तरीही ते वाचताना माणूस पानोपानी हसतो. नवऱ्याचा राग, स्वतःचा वेंधळेपणा, घरातली ओढाताण त्या अशा सांगतात की कुणाबद्दल कडवटपणा उरत नाही.