कूर्चेत उतरणारं कॅल्शियम

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत घातक रसायनं हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून निदान एकदा वैद्यकीय तपासणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीत छातीचा एक्स-रे निघाला, की पन्नाशीपुढच्या कामगाराच्या रिपोर्टमध्ये फुप्फुसं स्वच्छ असल्याचा शेरा असतो आणि कधीकधी त्याखाली आणखी एक ओळ असते : बरगड्यांच्या कूर्चेत कॅल्सिफिकेशन. ती वाचून माणूस हादरतो. हे कारखान्यातल्या धुराने झालं का? कॅल्शियमच्या गोळ्या जास्त झाल्या का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. हा वयाचा परिणाम आहे, आणि तो नीट समजावून सांगितला जात नाही म्हणून अनेकजण गरजेची औषधंही परस्पर बंद करून बसतात.

कूर्चा नाकाच्या शेंड्यात असते, कानाच्या वरच्या भागात असते, स्वरयंत्रात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आणि सांध्यात हाडांच्या तोंडांवर असते. ‘गुडघ्याची गादी झिजली’ म्हणतो, ती हीच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या कूर्चेचं ६५ ते ८० टक्के वजन निव्वळ पाण्याचं असतं. हे पाणी धरून ठेवण्यात मोठा वाटा अ‍ॅग्रिकन या रेणूचा. त्याच्यावरचा ऋण विद्युतभार सोडियम खेचून घेतो आणि सोडियमच्या मागोमाग पाणी येतं. त्यामुळे कूर्चेत सोडियम रक्ताच्या जवळपास दुप्पट असतं. वय वाढतं तसे अ‍ॅग्रिकनचे रेणू आखूड होत जातात, आणि कूर्चा झिजायला लागली की हे सोडियम उतरतं. खास प्रकारच्या एमआरआयमध्ये ते मोजताही येतं.

कॅल्शियमची गोष्ट याच्या उलट. शरीरातल्या पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट कायम असतं आणि जरा वाव मिळाला की त्याचं खनिज बनतं. हाडांना ते हवंच असतं. कूर्चेला नको असतं, म्हणून तिच्या पेशी पायरोफॉस्फेट नावाचं द्रव्य बाहेर सोडतात. ते हाडातल्या खनिजाचे कण धरू देत नाही. थोडक्यात, मऊ राहण्यासाठी कूर्चा जन्मभर राबत असते.

लहानपणी मात्र ठरावीक जागी ती स्वतःहून वाट मोकळी करते. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्यांत खनिज भरतं, तिथे हाड तयार होतं आणि वाढ संपली की पट्टी बुजते. कोणत्या सांध्यातली पट्टी साधारण कोणत्या वयात बुजते हे ठाऊक असल्यामुळे न्यायालयं वय ठरवायला एक्स-रेचा आधार घेतात. २००९ साली मुंबईवरच्या २६/११ हल्ल्याच्या खटल्यातल्या आरोपी अजमल कसाबने आपण अल्पवयीन असल्याचा दावा केला, तेव्हा मुंबईच्या विशेष न्यायालयाने अशीच तपासणी करून घेतली होती, आणि त्याचं वय वीसच्या वर असल्याचा निर्वाळा डॉक्टरांनी दिला होता. एकदा पंचविशी ओलांडली की हे वेळापत्रक संपतं. त्यानंतर कूर्चेत उतरणारं कॅल्शियम प्रत्येकात वेगळ्या गतीने उतरतं.

बरगड्यांत सुरुवात बहुधा पहिल्या बरगडीपासून होते. एक्स-रेत पुरुषांमध्ये कूर्चेच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात, तर स्त्रियांमध्ये बहुतेकदा मधोमध जिभेच्या आकाराचा पट्टा दिसतो. या बदलाने दुखत नाही आणि त्याला उपचार लागत नाही. छातीचा पिंजरा मात्र ताठ होतो. म्हाताऱ्या माणसाला हृदयविकारात छाती दाबून जगवताना बरगड्या मोडतात, त्यामागे विरळ झालेल्या हाडांबरोबर हा ताठरपणाही असतो. बरगडीतली कूर्चा कोरून नवं नाक किंवा कान घडवणाऱ्या शल्यविशारदालाही उतारवयातली कूर्चा त्रास देते. ती सुरीखाली तुटते.

स्वरयंत्रात हा बदल विशीतच सुरू होतो. कंठमणी म्हणून हाताला लागते ती ढालीसारखी कूर्चा मागच्या-खालच्या कडेपासून हळूहळू हाड बनते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था आहे. तंबाखूने पोखरलेल्या या महाराष्ट्रात तिथे आणि परळच्या टाटा रुग्णालयात घशाच्या कर्करोगाचे रुग्ण येतच राहतात, आणि त्यांच्या बाबतीत ही कूर्चा निर्णायक ठरते. मऊ कूर्चा गाठीला बराच काळ थोपवते. हाड बनलेल्या भागात रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, तिथून गाठीला आत घुसणं सोपं जातं. शिवाय हाड न झालेली कूर्चा आणि गाठ सीटी स्कॅनमध्ये जवळपास सारख्याच दिसू शकतात. गाठ कूर्चेच्या आरपार गेली आहे की नाही, यावर स्वरयंत्र वाचवायचं की काढायचं हे बरंचसं ठरतं, त्यामुळे स्कॅन वाचणाऱ्याचा इथे कस लागतो.

गुडघ्यातला प्रकार निराळा. तिथे पायरोफॉस्फेटच कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक होतात. राखणदारच ढिगारा होऊन बसतो. कूर्चेतलं कोलॅजन मोठेपणी जवळजवळ बदललंच जात नाही. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चा माग काढून डॅनिश संशोधकांनी २०१६ साली ते दाखवून दिलं. साठीच्या माणसाच्या गुडघ्यात कोलॅजनचे धागे असतात ते तरुणपणीचेच, आणि त्यांच्यात हे कण साचत जातात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या ज्येष्ठांच्या पाहणीत सत्तरीच्या आत सुमारे ३ टक्के लोकांच्या गुडघ्यांत असं कॅल्शियम दिसलं, तर पंच्याऐंशीनंतर सुमारे २७ टक्के लोकांच्या.

यातल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण कधी एखाद्या सकाळी गुडघा लाल होऊन सुजतो, पाय टेकवत नाही. घरचे युरिक अ‍ॅसिडवर खापर फोडतात. अशा वेळी सांध्यातलं पाणी काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सुईसारखे लांब आणि झळझळीत असतात. पायरोफॉस्फेटचे आखूड, चौकटीच्या कोपऱ्यांचे आणि फिकट असतात, चटकन नजरेत भरत नाहीत. फिलाडेल्फियात डॅनियल मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हा फरक ओळखला आणि या दुखण्याला स्वतंत्र नाव मिळालं. सांधा गरम असून ताप असेल तर जंतुसंसर्ग नाही ना, हेही त्याच पाण्यातून कळतं, म्हणून पाणी तपासून घ्यायला घाबरू नये.

आता त्या कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल. दूध, नाचणी किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद केल्याने हे स्फटिक कमी होत नाहीत. ठिसूळ हाडांसाठी गोळी घेणाऱ्या बाईने एक्स-रे बघून ती सोडली, तर गुडघ्यातलं कॅल्शियम आहे तिथेच राहतं आणि हाडं मात्र उपाशी राहतात. साठीच्या आतच असे स्फटिक दिसले, तर रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड, लोह आणि मॅग्नेशियम तपासायला हवं. मॅग्नेशियम कमी असलं की पायरोफॉस्फेटची विल्हेवाट नीट लागत नाही. वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचं मॅग्नेशियम उतरू शकतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.

युरिक अ‍ॅसिड उतरवणारी औषधं आहेत. पायरोफॉस्फेटचे स्फटिक विरघळवणारं औषध अजून नाही. म्हणून उपचार सुजेवरच होतात : सांध्यातलं पाणी काढणं, बर्फ, आराम, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा कोल्चिसिन. कोल्चिसिनची मात्रा मात्र मूत्रपिंडं बघून ठरवावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाने ती शेजाऱ्याच्या डबीतून घेऊ नये.