पळणाऱ्या दिव्यांमागचे घड्याळ

गणेशोत्सवात मंडपाच्या कमानीवर दिव्यांची माळ धावताना आपण सर्वांनी पाहिली आहे. एका टोकाला प्रकाश उगवतो, कमानीवरून घरंगळत दुसऱ्या टोकाला जातो आणि नाहीसा होतो. दिवा मात्र एकही जागचा हललेला नसतो. प्रत्येक दिवा आपली पाळी आली की क्षणभर पेटतो आणि विझतो, एवढेच. गतीचा आभास निर्माण करतात ते आपले डोळे आणि मेंदू. माक्स व्हेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने या आभासावरचा आपला प्रसिद्ध निबंध १९१२ साली लिहिला. चित्रपटाच्या पडद्यावरची माणसेही अशीच ‘चालत’ असतात.

पण ही पाळी ठरवतो कोण? एकेकाळी ते काम एक लाकडी रूळ करीत असे. रुळाच्या अंगावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या असत आणि एक छोटी मोटर तो संथपणे फिरवी. पट्टी ज्या तारेला टेकेल त्या तारेवरचे दिवे लागत, पट्टी पुढे सरकली की विझत. बंगालमधील चंदननगर हे गाव जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांनी अशा रुळांवर दिव्यांची हलती चित्रे उभी केली. पट्ट्यांची मांडणी बदलली की चित्र बदलले! मोठी देखणी युक्ती होती ती. फक्त ठिणग्या उडत, पट्ट्या झिजत आणि रूळ अडकला की सारी रोषणाई एका जागी थिजून जाई.

आज मोटर आणि रूळ या दोघांचे काम नखाएवढ्या दोन आयसी करतात. ५५५ क्रमांकाची आयसी म्हणजे मोटर आणि ४०१७ क्रमांकाची आयसी म्हणजे रूळ. दोन्ही मिळून चहा-नाश्त्याच्या खर्चात येतात. आमच्या जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी दुकानात सुटे भाग मिळाले नाहीत, तर अकोल्याहून आणता येतात किंवा घरबसल्या मागवता येतात. मुंबईला जाणे झालेच, तर लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर अवश्य मारावी.

असे धावते दिवे शालेय विज्ञान प्रदर्शनांत नेहमी दिसतात. दिवे छान धावत असतात. परीक्षक विचारतात, “हा रोधक बदलून दुप्पट किमतीचा लावला तर काय होईल?” विद्यार्थी शिक्षकांकडे पाहतो आणि शिक्षक छताकडे! उत्तर अवघड नाही. ते समजले की जोडणी पाठ करावी लागत नाही.

प्रथम दिव्याकडे पाहू. एलईडी हा एक डायोड आहे. तो एकाच दिशेने विद्युतप्रवाह जाऊ देतो. लांब पाय धन बाजूचा, आखूड पाय ऋण बाजूचा. तांबड्या एलईडीच्या दोन टोकांत सुमारे २ व्होल्ट विभवांतर झाले की तो उजळतो. त्यापुढे विभवांतर किंचित जरी वाढवले तरी प्रवाह भराभर वाढतो. म्हणून ९ व्होल्टची बॅटरी सरळ जोडली तर एलईडी एकदाच झगमगून कायमचा विझण्याची शक्यता मोठी. प्रवाहाला लगाम घालण्यासाठी रोधक हवा. दुकानात त्याला रेझिस्टर म्हणतात. ९ व्होल्टपैकी २ व्होल्ट एलईडीने घेतले, उरलेले ७ व्होल्ट रोधकावर पडले. १००० ओहमचा, म्हणजे १ किलोओहमचा रोधक लावला तर ओहमच्या नियमाने प्रवाह ७ मिलिअँपिअर. आजच्या एलईडीला एवढा प्रवाह पुष्कळ होतो.

निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला मात्र ३ व्होल्टच्या आसपास लागतात. असे का? तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर निळ्याची सुमारे २.७. जास्त ऊर्जेचा फोटॉन बाहेर काढायचा तर इलेक्ट्रॉनला उडीही मोठी मारायला लावली पाहिजे. (पांढरा एलईडी म्हणजे बहुधा पिवळसर लेप दिलेला निळा एलईडीच असतो.) निक होलोनियाक यांनी डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी १९६२ मध्ये बनवला. लख्ख निळा एलईडी हाती यायला त्यानंतर तीस वर्षे लागली आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मोटर. ५५५ ही आयसी हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. पन्नास वर्षे उलटून गेली तरी ती अजून विकली जाते. इलेक्ट्रॉनिकीत असे भाग्य क्वचितच एखाद्या वस्तूच्या वाट्याला येते.

तिचे काम समजण्यासाठी धारित्र डोळ्यांसमोर आणा. दुरुस्तीच्या दुकानात त्याला कंडेन्सर म्हणतात. धारित्र म्हणजे विद्युतप्रभाराची टाकी आणि रोधक म्हणजे टाकीत येणारा बारीक नळ. आयसी टाकीच्या पातळीवर नजर ठेवून असते. बॅटरीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६ व्होल्टपर्यंत पातळी चढली की ती खालचा नळ उघडते. पातळी एक-तृतीयांशावर, म्हणजे ३ व्होल्टवर उतरली की तो नळ बंद करते. भर, उतर, पुन्हा भर. टाकी भरत असताना ३ क्रमांकाच्या पायावर व्होल्टेज असते, उतरत असताना नसते. तेथे एलईडी जोडला की तो उघडझाप करतो.

येथे घटकाभर थांबले पाहिजे. धारित्र जसजसे भरते तसतसे भरणे मंदावते, कारण बॅटरीच्या आणि त्याच्या विभवांतील फरक कमी होत जातो. भरायला सुरुवात होताना धारित्र ३ व्होल्टवर असते, बॅटरी ९ वर. फरक ६ व्होल्ट. ६ व्होल्टवर पोहोचते तेव्हा फरक उरतो ३. म्हणजे फरक बरोबर निम्मा झाला. उतरतानाही ६ चे ३, पुन्हा निम्मे! ‘निम्मे व्हायला किती वेळ?’ हा प्रश्न तुम्ही दुसरीकडे कोठे भेटलात? किरणोत्साराच्या धड्यात, अर्धायुकाल या नावाने. तेथे जो ०.६९३ हा आकडा येतो तोच येथेही येतो, कारण दोन्हीकडचे गणित एकच आहे.

रोधकाला रो आणि धारित्राच्या धारकतेला धा म्हटले, तर निम्मे व्हायला लागणारा वेळ ०.६९३ × रो × धा. ५५५ च्या नेहमीच्या जोडणीत धारित्र रो१ आणि रो२ या दोन रोधकांतून भरते आणि फक्त रो२ मधून रिकामे होते. म्हणून एका उघडझापेचा काळ असा:

काळ = ०.६९३ × (रो१ + २ × रो२) × धा

रो१ = १० किलोओहम, रो२ = ६८ किलोओहम आणि धा = १० मायक्रोफॅरड घ्या. उत्तर १.०१ सेकंद येते. त्यात दिवा सुमारे ०.५४ सेकंद पेटलेला आणि ०.४७ सेकंद विझलेला. दोन्ही रोधक दुप्पट केले तर काळ दुप्पट. परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर हे. आणखी एक मजा पाहा. सूत्रात बॅटरीचे व्होल्टेज कोठेच नाही. बॅटरी उतरून ८ व्होल्टवर आली तर वरची-खालची खूणही त्याच प्रमाणात खाली येते. दिवा मंद होतो, पण त्याची लय बदलत नाही.

जोडणी ब्रेडबोर्डवर करावी. आयसीची खाच डावीकडे धरली की खालच्या रांगेतला डावीकडचा पहिला पाय १ क्रमांकाचा. तेथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचे. पाय १ ऋण तारेला, ८ आणि ४ धन तारेला. रो१ हा ८ आणि ७ यांच्यामध्ये, रो२ हा ७ आणि ६ यांच्यामध्ये. पाय ६ व २ एकमेकांना जोडा आणि तेथून ऋण तारेपर्यंत धारित्र लावा. त्याची ऋण खुणेची बाजू ऋण तारेकडेच हवी. पाय ५ पासून ऋण तारेला ०.०१ मायक्रोफॅरडचे छोटे धारित्र. पाय ३ पासून १ किलोओहमच्या रोधकातून एलईडी आणि पुढे ऋण तार. आधी एवढेच करून पाहा. साठ उघडझापा घड्याळ लावून मोजा. साठ-एकसष्ट सेकंदांऐवजी सत्तर आले तर सूत्राला दोष देऊ नका. अशा धारित्राची खरी किंमत छापलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते.

आता रूळ. ४०१७ ही दहापर्यंत मोजणारी आयसी आहे. तिच्या १४ क्रमांकाच्या पायावर एक ठोका आला की ती एक घर पुढे सरकते. तिला दहा निर्गम पाय आहेत आणि एका वेळी त्यांपैकी एकाच पायावर व्होल्टेज असते. त्यांचा क्रम सरळ नाही, तो लिहूनच ठेवा: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. पाय १६ धन तारेला आणि ८, १३ व १५ ऋण तारेला. ५५५ चा पाय ३ हिच्या पाय १४ ला जोडला की मोटर रुळाला जोडली गेली. प्रत्येक निर्गम पायाला एक एलईडी आणि त्याचा स्वतःचा १ किलोओहमचा रोधक लावा. आता ५५५ चे १० मायक्रोफॅरडचे धारित्र काढून १ मायक्रोफॅरडचे बसवले की सेकंदाच्या दर दहाव्या भागाला, म्हणजे ०.१ सेकंदाला, एक दिवा पुढे जातो आणि दहा दिव्यांची फेरी सेकंदात पूर्ण होते.

पुष्कळ आकृत्यांत दहाही एलईडी मिळून एकच रोधक दाखवलेला असतो. एका वेळी एकच दिवा पेटतो, मग नऊ रोधक वाचवले तर काय बिघडले, असा त्यामागचा हिशेब. पण तशा जोडणीत विझलेल्या एलईडींवर उलट्या दिशेने व्होल्टेज पडते आणि पुष्कळ एलईडींची उलट सहनशक्ती ५ व्होल्टच असते. ९ व्होल्टवर ही काटकसर मला पसंत नाही.

पाय १३ किंवा १५ जोडायचा राहिला तर दिवे भूत संचारल्यासारखे वागतात. जवळ हात नेला तरी क्रम बदलतो, कारण अशा मोकळ्या पायाला हवेतले विद्युतक्षेत्रही पुरते. ही आयसी स्थिर विद्युतालाही नाजूक असते. विदर्भातल्या हिवाळ्यात हवा कोरडी झाली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. तेवढा प्रभार तिला भारी पडू शकतो. हात लावण्यापूर्वी नळासारख्या जमिनीला जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. बाजारातली तयार दिव्यांची माळ कापून या जोडणीला लावण्याचा मोह होईल. तो टाळा. भिंतीच्या प्लगमध्ये सरळ घालायच्या बऱ्याच माळांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एकेक एलईडी ३ व्होल्टचा असला तरी शंभराच्या आसपास दिवे एकसर जोडून २३० व्होल्टवर टांगलेले असतात आणि त्या प्रत्यावर्ती दाबाचा शिखरबिंदू ३२५ व्होल्ट असतो. अशा माळेतल्या कोणत्याही उघड्या टोकाला जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात लागला तर जीव जाऊ शकतो. मखरापाशी ओली फुले असतात, पाणी सांडलेले असते. मखराला बॅटरीवरचे दहा दिवे शोभून दिसतात. वर भारनियमन असले तरी ते चालूच राहतात!

दहापेक्षा कमी दिवे हवे असतील, समजा सहा, तर पाय १५ ऋण तारेपासून सोडवून पाय ५ ला जोडा. पाय ५ हा सातवा निर्गम. सातव्याची पाळी येताक्षणी आयसी स्वतःच पहिल्यावर परत जाते.

हीच युक्ती आणखी पुढे नेता येते. ४०१७ चा पाय १२ दर दहा ठोक्यांना एक ठोका बाहेर देतो. ५५५ ला पुन्हा १० मायक्रोफॅरडचे धारित्र लावून एका सेकंदाचा ठोका घ्या. पहिल्या ४०१७ चा पाय १५ ऋण तारेलाच ठेवून तिचा पाय १२ दुसऱ्या ४०१७ च्या पाय १४ ला द्या आणि ही दुसरी आयसी सहावर परत फिरेल अशी जोडा. पहिली आयसी सेकंद मोजते, दुसरी दहा-दहा सेकंद; दुसरीची एक फेरी म्हणजे एक मिनिट. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळात हेच चालते. फक्त तेथे धारित्राऐवजी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक असतो आणि ती संख्या पंधरा वेळा निम्मी केली की १ उरते. करून पाहा: ३२,७६८, १६,३८४, ८,१९२…