कृष्णेच्या काठाकाठानं सांगली

सांगलीला आलेला पाहुणा बहुतेक वेळा लग्नकार्यासाठी आलेला असतो. गणपतीला हात जोडतो, भडंगाच्या पिशव्या घेतो आणि कोल्हापूरच्या वाटेला लागतो. या भागातलं खरं पाहण्यासारखं बरंचसं कृष्णेच्या काठाला आहे, म्हणून गावात शिरल्यावर आधी नदी गाठावी.

सुरुवात आयर्विन पुलापासून करावी. १९२९ साली खुला झालेला हा दगडी कमानींचा पूल म्हणजे सांगलीकरांची पावसाळी फूटपट्टी. आषाढ-श्रावणात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. उन्हाळ्यात पुलावर उभं राहून खाली वाकून पाहिलं, की तो आकडा काय असतो ते कळतं.

नदीच्या घाटापासून गणपती मंदिर जवळच आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन सांगलीचं संस्थान उभं केलं, आणि काळ्या दगडाचं हे देखणं पंचायतन त्यांनीच बांधायला घेतलं. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, चतुर्थीला अजून अवकाश असताना, इथे गणपती गुपचूप बसतो. त्याला सगळे ‘चोर गणपती’ म्हणतात. याच आप्पासाहेबांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन येतो तो त्या खेळामुळे. नाटकाचं वेड असलेल्यांनी त्या दिवशी सांगलीत यावं.

पुढे हरिपूर, चार-पाच किलोमीटरवर. इथे वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराचं दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलं की दोन नद्यांच्या पाण्याचे रंग काही अंतर वेगळे दिसतात, विशेषतः पहिल्या पावसानंतर. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. हरिपूरची दुसरी ओळख हळदीची पेवं. तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस असे हे जमिनीतले खड्डे. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, मगच माणूस खाली उतरतो. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं निकामी झाली आणि माल शीतगृहांत गेला. सांगलीच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. पण ज्या पेवांनी ही हळद सांभाळली, ती जपायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

मिरजेला मात्र अर्धा दिवस राखून ठेवावा. इथल्या सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी भोपळे दिसतात. माळ्यावर, भिंतीशी, दारात, सगळीकडे वाळलेले कडू भोपळे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. शिकलगार घराण्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. संस्थानी लढाया संपल्या, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांचे हात वाद्यांकडे वळले. भोपळा भिजवून कापायचा, त्यावर लाकडी तबली बसवायची, दांडी जोडायची, कोरीव काम, मग पॉलिश. एवढं सगळं झालं तरी तंबोरा अजून मुकाच असतो. शेवटी कारागीर घोडीवर जवारी काढायला बसतो. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, पुन्हा जरा फिरवायची. तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे सरकवला आणि स्वर एकाएकी उमलला, की कारागीर मान हलवतो आणि पुढच्या तारेला हात घालतो. हे बघायला मिळालं तर घाई करू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं, पण पिढीजात कारागिरांच्या मुलांना त्यावर संसार चालवता यावा, यासाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी इथून वाद्य घ्यायला हवं.

गल्लीपासून थोड्याच अंतरावर ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत वारले, पण त्यांची कबर इथे, या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. नामवंत गवयांनीही इथे हजेरी लावणं ही आपली सेवा मानली आहे.

दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडी. कृष्णा आणि पंचगंगेचा हा संगम. पावसाळ्यात पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि त्या ‘दक्षिणद्वार’ स्नानाला गर्दी लोटते. बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यावी आणि ऊन चढायच्या आत खिद्रापूर गाठावं.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाला छप्परच नाही. वर्तुळाकार मोकळं आकाश, आणि खाली बरोबर तेवढीच गोल शिळा. भोवती खांबांची वलयं, काही खांब इतके गुळगुळीत घासलेले की त्यांत आपली सावली हलताना दिसते. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या झरोक्यावर येतो, म्हणून लोक मुद्दाम थांबतात. बाहेरच्या हत्तींच्या तुटक्या सोंडा बघवत नाहीत. या शिवालयात नंदी नाही; तो कर्नाटकातल्या यडूरला आहे असं सांगतात.

उलट्या दिशेला, भिलवडीजवळ औदुंबर आहे. दत्तस्थान म्हणून ते ठाऊक असतंच. पण संक्रांतीला तिथे भरणारं साहित्य संमेलन कित्येकांना ठाऊक नसतं. त्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, तेव्हा जिथे गावकरी उतरतात तिथेच उतरावं. त्याच दिशेला पुढे सागरेश्वरचं अभयारण्य आहे; ते उघड्या टेकड्यांवर झाडं लावून माणसांनी उभं केलंय, आणि वृक्षमित्र धों. म. मोहित्यांची ती चिकाटी पाहण्याजोगी आहे.

यायचं ते कार्तिक ते फाल्गुन या दिवसांत. रेल्वेनं येणाऱ्यांना मिरज जंक्शन सोयीचं. नृसिंहवाडीला एसटी भरपूर, खिद्रापूरला मात्र स्वतःची गाडी बरी. दोनच दिवस हाताशी असतील तर सागरेश्वर पुढच्या खेपेला ठेवा, पण मिरज आणि खिद्रापूर चुकवू नका.