प्रौढ वयातील दुसरी भाषा

महाराष्ट्रातून बदली होऊन लखनौला गेलेला एखादा कारकून पहिल्याच आठवड्यात आपल्या वयोवृद्ध शेजाऱ्याला मोठ्या आदराने 'तुम बैठो' असे म्हणतो. त्याच्या मनात 'तुम्ही बसा' हे वाक्य असते. मराठीत 'तुम्ही' या शब्दात पुरेसा आदर आहे आणि 'तुम' हे त्याचेच भावंड दिसते. मग चूक कोठे झाली? लखनौत वडीलधाऱ्यांना, किंबहुना अनेक घरांत लहान मुलांनाही, 'आप' म्हणतात. 'तुम' हा शब्द बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी असतो. मराठीतील तू, तुम्ही, आपण आणि हिंदी-उर्दूतील तू, तुम, आप या दोन शिड्या शेजारी उभ्या केल्या तर पायऱ्या तेवढ्याच भरतात, परंतु त्यांची उंची सारखी नसते. शेजारी काही बोलत नाही. ज्या शहराची 'पहले आप' ही रीत दंतकथेइतकी प्रसिद्ध आहे, तेथे पाहुण्याची भाषा सुधारणे हे असभ्यपणाचे ठरते. ही चूक त्यामुळे पाच वर्षेही टिकू शकते, आणि लोक आपल्यापासून थोडे अंतर का राखतात हे त्या गृहस्थाला उमगत नाही.

भाषा ज्या मुलखात बोलली जाते तेथे जाऊन राहिले की ती आपोआप येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. तिच्या जोडीला दुसरी एक समजूत असते, ती म्हणजे मोठ्या वयात भाषा येतच नाही. हॉलंडमध्ये राहावयास गेलेल्या इंग्रजी भाषकांची पाहणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. तीत आरंभीच्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा कुमारवयीन मुले व प्रौढ माणसेच अधिक वेगाने डच शिकत असल्याचे आढळले. लहान मुलांनी त्यांना नंतर गाठले. उच्चार हुबेहूब साधणे प्रौढाला सहसा जड जाते, हे खरे. पण त्याच्यापाशी तर्क असतो, वाचन असते आणि व्याकरणाचा नियम समजून घेण्याची ताकद असते.

त्याची अडचण निराळीच असते. प्रौढ माणूस बोलण्यातला अर्थ ताबडतोब पकडतो, आणि अर्थ हाती आला की शब्दाच्या रूपाकडे त्याचे लक्ष राहत नाही. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी हवाईत येऊन स्थायिक झालेल्या एका जपानी चित्रकाराचे बोलणे तीन वर्षे अभ्यासून १९८३ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा चित्रकार मोठा बोलका. मित्र, ग्राहक, व्यवहार या सर्वांत त्याचे इंग्रजी उत्तम चाले. व्याकरण मात्र तीन वर्षांत जवळजवळ होते तेथेच राहिले. कोणाचे काही अडत नव्हते. मग ते सुधारावे तरी कशासाठी?

लखनौतील मराठी माणसाच्या हिंदीतही असे न अडणारे पुष्कळ असते. मराठीत 'त्याने पुस्तक वाचले' असे म्हणताना 'ने' लागतो, पण 'मी पुस्तक वाचले' यात तो लागत नाही. हिंदीत मात्र 'उसने' तसेच 'मैंने' असे म्हणावे लागते. म्हणून 'उसने' त्याला सहज जमते आणि 'मैं' पाशी तो बहुधा घसरतो: 'मैं किताब पढ़ा'. या एवढ्याशा वाक्यात दुसरीही एक चूक दडली आहे. मराठीतील नपुंसकलिंगी नामांची हिंदीत वाटणी झालेली असते. घर आणि पाणी पुल्लिंगाकडे गेले, तर पुस्तक, नाक आणि छत स्त्रीलिंगाकडे. 'आवाज' आणि 'देह' हे मराठीत पुल्लिंगी असलेले शब्द हिंदीत थेट स्त्रीलिंगी होतात. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, संभाषण पुढे सरकते आणि चूक मागे राहते.

अशा चुकांकडे पूर्वी शिक्षक केवळ दोष म्हणून पाहत. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की चूक ही विद्यार्थ्याच्या मनातील नियमाची खूण असते. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली त्याच विचाराला पुढे नेऊन या अवस्थेला नाव दिले. त्याला मराठीत 'अंतरभाषा' म्हणता येईल. ती मातृभाषाही नव्हे आणि शिकावयाची भाषाही नव्हे. या दोहोंच्या मधली, स्वतःचे नियम असलेली ती एक तात्पुरती भाषा असते. वर सांगितलेल्या कारकुनाला 'ने' चा नियम कळला की तो काही दिवसांनी 'मैंने लाया' असे म्हणू लागतो. लखनौच्या कानाला हेही खटकते, कारण 'लाना' या क्रियापदाबरोबर 'ने' येत नाही. तेथे 'मैं लाया' असेच म्हणतात. जाणता शिक्षक मात्र ही चूक ऐकून मनात सुखावतो. नियम रुजला आहे, आता अपवादाची वेळ आली आहे, एवढाच तिचा अर्थ असतो.

मग शिक्षकाने करावे तरी काय? विद्यार्थ्याच्या डोक्यात भाषा आपल्या सोयीच्या क्रमाने भरता येत नाही. पश्चिम जर्मनीत काम करणाऱ्या इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज मजुरांच्या जर्मन बोलण्याचा अभ्यास झाला, तेव्हा शब्दक्रमाचे नियम त्यांना ठराविक टप्प्यांनीच येतात असे दिसून आले. पाठ्यपुस्तकाने निराळा क्रम लावला म्हणून मन तो पाळत नाही. परंतु दुर्लक्षित राहिलेली गोष्ट ध्यानात आणून देणे शिक्षकाला शक्य असते. श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकले, तेव्हा त्यांनी रोजनिशी ठेवली आणि आपले बोलणे ध्वनिमुद्रित केले. सिल्व्हिया फ्रोटा यांच्यासह १९८६ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखविले की शब्दांची जी रूपे आपल्या लक्षात आल्याची त्यांनी नोंद केली होती, तीच पुढे त्यांच्या बोलण्यात उतरली. जी नुसती कानांवरून गेली, ती उतरली नाहीत. नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी १९८० ते १९९८ या काळातील अनेक प्रयोग एकत्र पडताळून २००० साली असा निर्वाह दिला की नियम स्पष्ट सांगून केलेल्या शिक्षणाचा लाभ होतो. मात्र त्या प्रयोगांतील चाचण्या बहुतांशी नियमाची जाण तपासणाऱ्या होत्या; बाजारातले बोलणे त्यांत फारसे नव्हते. वर्गात 'आप बैठिए' अचूक लिहिणारा माणूस रिक्षात चढताच पुन्हा 'तुम' वर येतो, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे.

विद्यार्थ्याची मातृभाषा जाणणारा शिक्षक येथे विशेष उपयोगी पडतो. मराठी माणूस 'जाना' हा शब्द अनेकदा 'ज़ाना' असा उच्चारतो आणि उर्दूतील 'ज' व 'ज़' वेगळे ठेवताना गोंधळतो. हे दोन्ही ध्वनी आपल्या तोंडात नाहीत, असे त्याला वाटते. वस्तुतः 'जेवण' आणि 'जरा' यांतील 'ज' त्याच्या घरीही वेगवेगळे आहेत, आणि 'जरा' मधला 'ज' उर्दूतील 'ज़' च्या बराच जवळचा आहे. मराठी लिपी दोहोंना एकच अक्षर देते, म्हणून तो भेद डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. हे कोणी एकदा दाखवून दिले की महिनाभराची नक्कल वाचते.

या विचाराला भारतात संस्थेचे बळ लाभले. म्हैसूर येथे १९६९ साली केंद्रीय भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. त्याच्या विभागीय केंद्रांत, पुढे सोलन व लखनौ येथील उर्दू केंद्रांतही, निरनिराळ्या राज्यांतील नोकरीत असलेल्या शिक्षकांना दहा महिने दुसरी भारतीय भाषा शिकविण्यात येऊ लागली. वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभा राहिलेला मनुष्य येथे बाकावर बसतो, अक्षर गिरवतो आणि चुकतो. त्याला आपला मान सांभाळावयाचा असतो, म्हणून तो कमी बोलतो. आणि कमी बोलल्यामुळे त्याच्या चुका झाकलेल्या राहतात. चुकण्याचा संकोच घालविणे हे अशा वर्गातील निम्मे काम असते.

यातील पुण्याचे केंद्र मराठी शिकविते. लखनौचा माणूस तेथे आला की त्याची गत त्या कारकुनासारखीच होते, फक्त उलट दिशेने. 'झाड' चे 'झाडाला' का होते, हे त्याला कळत नाही, कारण त्याच्या भाषेत 'पेड़' चे 'पेड़ को' होताना मूळ शब्द तसाच राहतो. 'ळ' ही एक निराळीच परीक्षा. पण सर्वांत फसवे आहे ते 'हम'. ऐकणाऱ्याला धरून आणि त्याला वगळून, अशा दोन्ही अर्थांनी तो शब्द हिंदीत चालतो. मराठीत त्याचे 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन भाग होतात. हे ठाऊक नसलेला नवखा माणूस मराठी सहकाऱ्याला उत्साहाने सांगतो, 'रविवारी आम्ही सिंहगडावर जाऊ.' सहकारी हसून मान डोलावतो. आपल्याला बोलाविलेले नाही असे समजून रविवारी तो घरीच राहतो, आणि पाहुणा गडाच्या पायथ्याशी त्याची वाट पाहत उभा असतो.