स्वभावाला दोष नको, बाईला साथ हवी

छातीत गाठ निघाली आणि तपासणीत कॅन्सर ठरला, की गावात दोन प्रकारचं बोलणं सुरू होतं. एक, ‘आता काही खरं नाही.’ दुसरं, ‘तिचा स्वभावच तसा. सगळं मनात ठेवायची, त्याचंच हे झालं.’ पहिल्या बोलण्यानं बाईचा धीर खचतो. दुसऱ्या बोलण्यानं आजाराचा दोषच तिच्या पदरात पडतो. ही दोन्ही बोलणी चुकीची आहेत. पण स्वभावाचा आणि या आजाराचा काहीच संबंध नाही, असंही नाही. संबंध आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. तो समजून घेतला तर घरच्यांना आणि गावाला पुष्कळ काही करता येण्यासारखं आहे.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. भारतातल्या बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. 2022 या एका वर्षात देशात अंदाजे 1 लाख 92 हजार बायकांना तो नव्याने झाला. आपल्याकडं खुरपणी, कापूस वेचणी, भाजी तोडणी, धारा, शेणपाणी ही कामं बायांच्या हातावर चालतात. या आजाराच्या ऑपरेशननंतर पहिला अडतो तो हातच. घरातली बाई आजारी पडली की शेताचं, गोठ्याचं आणि चुलीचं असं तिन्हीकडचं गणित बिघडतं.

गाठ स्वभावातून येत नाही

सोसणाऱ्या, राग गिळणाऱ्या माणसाला कॅन्सर होतो, हा समज फक्त आपल्या गावातला नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेतही काही अभ्यासकांनी तसा अंदाज मांडला होता आणि अशा स्वभावाला ‘सी टाईप’ असं नावही दिलं होतं. पुढं मोठे अभ्यास झाले. स्वीडन आणि फिनलंड या दोन देशांत सुमारे 60 हजार जुळ्या भावंडांच्या स्वभावाची नोंद करून त्यांच्यावर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2010 साली निष्कर्ष आला, की माणूस चिंताळू असो की बिनधास्त, अबोल असो की बोलका, त्यानं कॅन्सर होण्याचं प्रमाण बदलत नाही.

तीच गोष्ट जिद्दीची. ‘जिद्द ठेवली असती तर वाचली असती,’ असं मयताच्या ओट्यावर बोललं जातं. इंग्लंडमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या 578 रुग्ण बायकांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. लढाऊ वृत्तीनं आयुष्य वाढल्याचं त्यात दिसलं नाही. मात्र ज्या बायका पार हताश झाल्या होत्या, त्यांच्यात आजार उलटण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणून हताश झालेल्या बाईकडं जास्त लक्ष द्यायचं. तिला बोल लावायचा नाही.

वाढतं वय, आई-बहिणीला असलेला आजार, पाळी बंद झाल्यावर वाढलेलं वजन, दारू, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, अंगावर न पाजणं, अशा गोष्टींनी धोका वाढतो. पण यातलं काहीही नसताना आजार झालेल्या बायकाही पुष्कळ आहेत. त्यामुळं ‘माझं काय चुकलं?’ या तिच्या प्रश्नाला घरच्यांचं एकच उत्तर असावं: ‘तुझं काही चुकलं नाही.’

मग स्वभाव कुठं येतो?

एकाच दवाखान्यात, एकाच टप्प्यावर, एकाच प्रकारचे उपचार घेतलेल्या दोन बायका असतात. सहा महिन्यांनी एक बांधावर उभी राहून मजुरांना काम सांगत असते, दुसरी दाराबाहेर पडत नाही. पाऊस एकच पडतो, पण काळं रान आणि मुरमाड रान तो वेगवेगळा झेलतात. आपण मुरमाड रानाला नावं ठेवत नाही, पाण्याच्या पाळ्या जवळजवळ देतो. माणसाचंही असंच आहे.

नेदरलँडमधल्या अभ्यासकांनी बायकांच्या स्वभावाची प्रश्नावली निदान होण्याआधीच भरून घेतली आणि उपचारांनंतर पुन्हा पुन्हा त्यांची चौकशी केली. ज्या मुळातच जास्त काळजी करणाऱ्या होत्या, त्यांना नंतरही थकवा जास्त जाणवला आणि जगण्याचा दर्जा जास्त खालावलेला वाटला. म्हणजे स्वभावानं गाठ येत नाही, पण गाठ आल्यानंतरचे दिवस कसे जातात यात स्वभावाचा वाटा असतो.

हा ‘जगण्याचा दर्जा’ मोजण्यासाठी 30 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती मराठीतही आहे. चालताना दम लागतो का, झोप येते का, भूक आहे का, घरच्या जीवनात अडथळा येतो का, पैशाची ओढाताण होते का, अशा गोष्टी त्यात विचारतात. गावात त्यात आणखी चार गोष्टी धरायला हव्यात. तिला भाकरी थापता येते का? धार काढता येते का? हळदी-कुंकवाला बोलावणं येतं का? आणि घरातले तिच्या ताटात जेवतात का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कॅन्सर शिवल्यानं किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाही, हे अजूनही घरोघर सांगावं लागतं.

स्वभाव ओळखा, तशी साथ द्या

*काळजी करणारी बाई.* हिला अर्धवट माहितीचा त्रास जास्त होतो. घरचे डॉक्टरांशी बाहेर कुजबुजतात आणि ही आत बसून नाही नाही ते मनात आणते. पुढची तारीख कोणती, किती इंजेक्शनं राहिली, खर्च कसा भागणार, हे तिला स्पष्ट सांगा, वहीत लिहून द्या. झोप उडाली, रडू थांबेना, जेवण तुटलं, तर तेही दुखणंच समजून डॉक्टरांना सांगा. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल फुकट बोलता येतं, मराठीतही.

*अबोल बाई.* हिला घोळक्यानं भेटायला जाऊ नका. दहा जणींच्या मध्ये ती एक शब्द बोलणार नाही. जिच्याशी तिचं जमतं अशी एकच जाऊबाई, नणंद किंवा शेजारीण रोज अर्धा तास शेजारी बसली तरी पुरतं.

*बोलकी, माणसांत रमणारी बाई.* हिला घरात कोंडलं की ती आजारापेक्षा एकटेपणानं जास्त खचते. केमोथेरपीत केस गेले म्हणून तिला समारंभापासून दूर ठेवणं हा मोठा अन्याय. केस बहुधा पुन्हा येतात. स्कार्फ बांधून, पदर घेऊन ती आली तर तिला पहिल्यासारखं पाटावर बसवा.

*सगळ्यांसाठी झिजणारी बाई.* आपल्याकडं ही सर्वांत जास्त. ‘सुगी होऊ दे, मग जाते दवाखान्यात,’ असं ही म्हणते. पोराची फी, म्हशीचं व्येत, सासऱ्याचं औषध, सगळं झालं की मग हिचा नंबर. ही स्वतःसाठी कधीच मागणार नाही. म्हणून तिची तारीख घरच्या पुरुषानं लक्षात ठेवायची आणि सोबत जायचं. सुगी दरवर्षी येते.

*टापटिपीची बाई.* हिच्या हातात गोळ्यांचा हिशेब द्या, ती चुकणार नाही. काही बायकांना ऑपरेशननंतर हार्मोनची गोळी निदान पाच वर्षं रोज घ्यावी लागते. अंगातून वाफा येतात, सांधे दुखतात म्हणून अनेक जणी ती मध्येच सोडतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावं, मनानं गोळी बंद करू नये. टापटीप स्वभाव नसेल तिथं घरातल्या शाळकरी पोरीनं कॅलेंडरवर खूण करावी.

*नवं करून पाहणारी बाई.* आम्हा विस्तार खात्यातल्यांना हा स्वभाव चांगला ओळखीचा. नवं वाण, नवं खत आधी हीच लावते. अशी बाई बरी होऊन गावात हिंडू लागली, की तिच्या शब्दावर दहा जणी तपासणीला जातात.

खरं तर कोणतीच बाई एका साच्यात बसत नाही. थोडं हे, थोडं ते असतंच. पण सगळ्यांना एकच उपदेश, ‘खंबीर राहा,’ हा बंद करावा. रडणारी बाई कमकुवत नसते.

हाताचं आणि कामाचं काय?

काखेतल्या गाठी काढल्यावर काही बायकांच्या हाताला सूज येते. म्हणून पूर्वी ‘हात हलवूच नका’ असा सल्ला मिळायचा. अमेरिकेत अशा सूज आलेल्या 141 बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकवलं गेलं. 2009 साली जाहीर झालं, की त्यानं सूज वाढली नाही. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यापासून व्यायाम सुरू करावा. भिंतीवर बोटांनी वर वर चढत जाणं हा सोपा व्यायाम आहे. मात्र पहिल्याच आठवड्यात डोक्यावर हंडा नको. काम पायरीपायरीनं वाढवायचं.

त्या हाताला जखम होऊ देऊ नका. खुरपताना, काटेरी झुडपं तोडताना हातमोजा घालावा. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. केमोथेरपी चालू असताना शेणाचं काम आणि फवारणी दुसऱ्यानं करावी. त्या काळात ताप आला तर सकाळची वाट पाहू नये.

गावानं काय करावं?

पहिलं, लवकर तपासणी. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?’ असं म्हणत महिने जातात. गाठ, कातडी ओढल्यासारखी होणं, बोंडातून रक्त येणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवावं. मुंबईत टाटा रुग्णालयानं 1998 पासून दीड लाख बायकांवर मोठा प्रयोग केला. निम्म्या भागात शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली. 2021 साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या बायकांचा आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि 50 वर्षांवरच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नव्हतं, फक्त शिकलेला हात होता. आपल्या आरोग्य उपकेंद्रात 30 वर्षांवरच्या बायकांची अशी तपासणी व्हायची आहे. ग्रामसभेत आशाताईंना विचारा, किती जणींची झाली?

बार्शीचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1987 साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत. त्या बोलण्यानंच गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. गावानं बोलावं, एवढाच त्याचा धडा.

दुसरं, पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात कॅन्सर आहे. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नाहीत म्हणून खेटे घालावे लागतात. ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठ्यांनी असा दाखला त्याच दिवशी द्यावा, ही विनंती. एसटीत मार्च 2023 पासून सर्व बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला व सोबत्याला सवलत मिळते.

तिसरं, बचत गट. कॅनडात आजार शरीरभर पसरलेल्या 235 बायकांचा अभ्यास 2001 साली आला. गटात बसून मन मोकळं केल्यानं आयुष्य लांबलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी जाणवल्या. आपल्याकडं गट आयता आहे. आजारी सभासदाचा हप्ता दोन महिने पुढं ढकलणं, तिच्या वाटणीची खुरपणी सावडीनं करून देणं, रेडिएशनच्या आठवड्यांत तिच्या गोठ्याच्या पाळ्या लावणं, एवढं कोणत्याही गटाला जमेल.

बाईचा स्वभाव आपल्याला बदलता येणार नाही, बदलायची गरजही नाही. तिच्या भोवतीचं घर आणि गाव मात्र आपल्या हातात आहे. येत्या मासिक बैठकीत कर्जाच्या विषयाआधी हा विषय घ्या आणि उपकेंद्रातल्या तपासणीची तारीख ठरवूनच उठा.

— विस्तार अधिकारी (कृषी), पंचायत समिती